कपाटामागची भिंत

आमचं वाचनालय वाचवायला अख्खं गाव एक झालं होतं. एरवी पाण्याच्या पाइपावरून हमरीतुमरीवर येणारी माणसं ही. त्या एकीचं मला तेव्हा कोण कौतुक वाटलं होतं!

पोलादपूरहून कशेडी घाटाकडे निघालात की उजवीकडे डोंगराला टेकून आमचं गाव लागतं. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाची मी ग्रंथपाल, उज्वला. मे महिन्यात ग्रंथालय खात्याचं पत्र आलं की तपासणी होईल, इमारत धोकादायक निघाली तर मान्यता रद्द आणि पुस्तकं महाडला जमा. मी जाम भडकले, कारण इमारत धोकादायक होतीच. मागच्या, डोंगराकडच्या भिंतीला जमिनीपासून वाशापर्यंत भेग गेली होती आणि तिच्यात माझं बोट सहज जायचं. हे फक्त मला आणि आमचे अध्यक्ष अरविंद गुरुजी यांना ठाऊक होतं.

गावात घराघरांतून दोन खोल्यांत सहा माणसं. पोलीस भरतीचा अभ्यास करणाऱ्या अकरा मुलींना बसायला दुसरी जागा नाही. मीही तिथेच बसून बी.ए. झाले. म्हणून एका दुपारी दार आतून लावून गुरुजींनी भेगेत सिमेंट थापलं आणि मी वरून चुना मारला. मग मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने टेम्पोतून पाठवलेलं लोखंडी कपाट आम्ही नेमकं तिथे लावून घेतलं, पुस्तकांनी ठासून भरलं. गुरुजी म्हणाले, कपाट कुठेतरी ठेवायचंच होतं, यात खोटं काय? चाळीस वर्षं मुलांना खरं बोला म्हणून छड्या मारलेला माणूस. मी मान डोलावली.

तपासणीच्या दिवशी वाचनालय गच्च भरलं. वरच्या वाडीच्या येसूबाई जन्मात पहिल्यांदा पोलीस भरतीचं पुस्तक धरून तासभर बसल्या. साहेबांनी चहा घेतला, टापटीप वाखाणली आणि शेरा मारला, इमारत भक्कम. गावात पेढे वाटले.

महाडजवळच्या तळीये गावावर दरड कोसळल्यापासून आमच्याकडे पाऊस वाढला की वरच्या वाडीतली माणसं खाली आणतात. दरवर्षी त्यांना ओढ्यापलीकडच्या शाळेत ठेवायचे. यंदा जुलैत तहसीलदारांकडून यादी आली. निवाऱ्याच्या ठिकाणापुढे आमच्या वाचनालयाचं नाव होतं. भक्कम इमारत म्हणून.

मी गुरुजींच्या घरी धावले. म्हटलं, आता सांगून टाकू. त्यांनी खिडकीतून पावसाकडे पाहिलं. मग म्हणाले, सांगितलं की कुलूप लागणार, आणि लागलेलं कुलूप पुन्हा कोण काढतो? दोन दिवसांत पाऊस ओसरेल. मला त्यांचा राग आला, आणि त्यांचं पटलं म्हणून स्वतःचा जास्त आला.

"एवढी खात्री असेल तर त्या कपाटापाशी तुम्ही झोपा," मी म्हणाले.

संध्याकाळी ते खरंच चटई घेऊन आले आणि कपाटाला पाठ लावून बसले. प्रायश्चित्त घेत असावेत. पण लोकांनी त्याचा अर्थ वेगळाच लावला. गुरुजी स्वतः राहतायत म्हटल्यावर घरीच थांबणार म्हणून हटून बसलेली तीन कुटुंबंही वळकट्या घेऊन उतरली. एकतीस माणसं झाली. पाऊस नुसता कोसळत होता.

वरच्या वाडीच्या कमळाकाकी दोन नातींना घेऊन कपाटाशेजारी गोधडी पसरायला लागल्या. मी म्हटलं, काकी, दाराजवळ या.

"नको गो. दारात झड येते. हितं गुरुजी हायत, पोरींना भ्या वाटत नाय."

गुरुजींनी मान खाली घातली. तेवढ्यात मला कपाटाच्या पायाशी पाणी दिसलं. तांबडं, गढूळ. छपरातून गळणारं पाणी असं नसतं, ते डोंगरातून आलेलं होतं.

मग मी थांबले नाही. सगळ्यांदेखत, मोठ्याने सांगितलं की कपाटामागे भेग आहे, ती आम्ही दोघांनी बुजवली आणि तुमच्यापासून लपवली. काकी माझ्याकडे बघत राहिल्या, आणि ती नजर मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"भेग केवढी हाय ती बघू तरी," येसूबाईंचा मुरारी उठला. चार गडी कपाटाला भिडले. मे महिन्यात भरल्यावर नीट बसवताना हेच कपाट पुस्तकांसकट तिघांनी सरकवलं होतं. चौघांनी जोर लावला, पाय रोवले, पण ते तसूभरही हललं नाही. वरच्या कडेपाशी कपाटाचा पत्रा आमच्याकडे वाकला होता.

भिंत त्याच्यावर रेलली होती.

"हात काढा," गुरुजी हळूच म्हणाले. त्यांनी आपली पाठ मात्र कपाटावरून काढली नाही, उलट दोन्ही पाय घट्ट रोवले. "उज्वला, आधी पोरींना बाहेर ने."