लॉट सातचा तिसरा तुकडा

भंगाराचं पिंप आडवं करून फर्डिनंड मोडक्या पट्ट्यांच्या ढिगात दोन्ही हात घालून शोधत होता. फायबरच्या कुसळांनी बोटं सोलून निघाली होती. हातमोजे घालायचं त्याला भानच नव्हतं.

"सकाळी सकाळी हे काय मांडलंयस?" जितेंद्रशेठ दारातूनच ओरडला.

"तिसरा तुकडा शोधतोय, शेठ. लॉट सातचा."

शेठने मागे हात नेऊन शटर अर्धं खाली ओढलं.

बोटींच्या सुकाणाची पाती बनवणाऱ्या वालीवच्या त्या गाळ्यात फर्डिनंडचं अकरा वर्षं एकच काम होतं, मोडायचं. काचेचे आणि कार्बनचे धागे रेझिनमध्ये बसवून केलेली पट्टी मशीनच्या दोन जबड्यांत धरायची, फुटेपर्यंत ओढायची आणि किती जोर लागला ते लिहायचं. एका लॉटच्या पाच पट्ट्या. एखादी जबड्याच्या तोंडाशीच तुटली तर चूक पकडीची, मालाची नाही. ती बाद करून सहावी लावायची, असा रिवाज. रिवाज चुकीचा नव्हता, आणि म्हणूनच त्याच्या आड लपायला सोपं होतं.

गेल्या वर्षी शेठने रेझिनमध्ये काळी भुकटी मिसळायला सुरुवात केली. केसापेक्षा हजारो पट बारीक, अशा कार्बनच्या नळ्या. नीट पसरल्या तर माल लोखंडाला मागे टाकतो. कुठे गुठळी राहिली तर तिथेच मरतो. लॉट सातची तिसरी पट्टी निम्म्या जोरातच बार उडाल्यासारखी फुटली आणि तिची चिपरी फर्डिनंडच्या गालात घुसली. पट्टी तुटली होती जबड्यापासून चांगली दोन बोटं लांब. तुटलेल्या तोंडावर मोहरीएवढा काळा ठिपका होता. फर्डिनंडने तो पाहिला. पण गालातून रक्त गळत होतं, डोकं फिरलं होतं आणि शनिवारी घरी जायची घाई होती. 'जबड्यात तुटली' असं लिहून त्याने ती पिंपात भिरकावली. सहावी लावली, सरासरी झकास आली. शिवाय पाचूबंदरच्या कोळीवाड्यात जाऊन बहिणीच्या नवऱ्याला, पास्कलला, त्याने छाती ठोकून सांगितलं होतं, "डोळे मिटून घे. मी सोता मोडून बघितलंय."

पास्कलने बोटीला लॉट सातचं सुकाणाचं पातं बसवलं. त्याचं बघून आणखी पाच जणांनी बसवलं.

नऊ दिवसांपूर्वी अर्नाळ्याच्या खडकांपाशी ते पातं तुटलं. बोट लाटेला आडवी गेली आणि पास्कल बोट नि खडक यांच्या मध्ये चिरडला. मयताला पेटी उघडलीच नाही. पातं समुद्राने नेलं, आणि गावाने निकाल लावून टाकला की पास्कल पिऊन होता. फर्डिनंडने नऊ दिवस ते ऐकून घेतलं. पण उद्या पहाटे त्याच लॉटच्या पात्यांच्या उरलेल्या पाच बोटी निघणार होत्या, आणि त्यातली एक रॉबर्टची होती. रॉबर्ट म्हणजे पास्कलचा थोरला मुलगा, घरी बायकोमुलं असलेला.

भंगारवाला फायबर घेत नाही, म्हणून पिंप वर्षभर भरलेलं होतं. तुकडा तळाशी सापडला. पांढऱ्या रंगात त्याचंच अक्षर होतं, ७-३. ठिपकाही तसाच होता.

"दे इकडे," शेठ जवळ आला. "तो माणूस टाकून होता, सगळे बोलतायत. मॅटर संपलाय. तू कशाला उकरतोस?"

"उद्या बोटी सुटतायत, शेठ."

"मग सुटू दे ना! रिपोर्टवर सही कोणाचीय? तुझी. पहिला तू आत जाशील."

"जाईन."

शेठने कोपऱ्यातला पाइप उचलला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा उजव्या मनगटावर. हाड मोडल्याचा आवाज फर्डिनंडने लगेच ओळखला. असले आवाज ओळखण्यातच त्याची अकरा वर्षं गेली होती. तिसऱ्या फटक्याला त्याने डोकं खाली घालून शेठच्या पोटात मुसंडी मारली. शेठ मशीनवर आदळला, भुवई फुटली आणि शिव्या देत खाली बसला. डाव्या मुठीत तुकडा घेऊन फर्डिनंड शटरखालून वाकून बाहेर पडला.

पाचूबंदरला मासळीचा लिलाव उरकला होता. पुरुष जाळी शिवत बसले होते. फर्डिनंड मधोमध उभा राहिला आणि सगळं बोलून मोकळा झाला. पट्टी, ठिपका, पिंप, काही सोडलं नाही.

"पास्कल पिऊन नवता. मीच चुकलो. तुमची पाती उतरवा."

"काय बोललास, मामा?" रॉबर्ट उठला. उत्तराची वाट न बघता त्याने ठोसा मारला. फर्डिनंडचे दोन दात तोंडातच सुटे झाले. तो पडला तेव्हा लाथा सुरू झाल्या, बरगडीत, पाठीत, मोडक्या हातावर. कोणी मध्ये पडलं नाही. पडावं असं फर्डिनंडलाही वाटलं नाही.

फ्लोरा, फर्डिनंडची बहीण, घरातून धावत आली. तिने मुलाला दंडाला धरून मागे खेचलं. मग खाली वाकून भावाला स्वतःच्या हाताने दोन थोबाडीत ठेवून दिल्या.

"नव दिस माज्या नवऱ्याला बेवडा बोलले! नि तू माज्याच घरात बसून जेवलास, फर्डी!"

"बाय, आदी पाती उतरव. मग मार मना."

फ्लोराने सांगितलं तेव्हा पाती उतरवली. फर्डिनंडने दोन ओंडके अंतरावर मांडायला लावले. त्यांवर पातं आडवं ठेवायचं आणि बरोबर मधोमध घण हाणायचा. रॉबर्टने घण घेतला. पहिल्या पात्यावर घण असा उसळला की रॉबर्टच्याच नडगीवर आला. पात्याला नुसता ओरखडा पडला. दुसरं तसंच. तिसऱ्यावर त्याने आठ घाव घातले, बापाचं नाव घेत, रडत, घामाने निथळत. तिसरं हललं नाही. चौथंही नाही.

"चांगलं पातं खरवडून टाकलं माजं!" काळूराम तांडेल फर्डिनंडच्या अंगावर धावून आला. "याचं डोकं ठिकानावर हाय का? मोठा आलाय फादरसमोर आल्यासारखा कन्फेशन द्यायला!"

पाचवं रॉबर्टचं होतं. त्याने घण खाली ठेवला. "माजं ऱ्हाऊ दे. चार टिकली ना? मी बसवतो नि सकाळी जातो."

फर्डिनंड सरपटत गेला आणि पात्यावर आडवा पडला. बाकीची टिकली म्हणून एकाकडे काणाडोळा करायचा, हीच त्याची चूक होती, आणि ती दुसऱ्यांदा होऊ देण्याइतका तो आता भ्याड उरला नव्हता. रॉबर्टने त्याला कॉलरला धरून ओढलं, कमरेत लाथ घातली. तो सुटेना. एका हाताने त्याने पातं असं कवटाळलं होतं की त्याच्यासकट तेही फरफटलं.

"मार घाव," फ्लोरा म्हणाली. "आय सांगते तुजी. एकच मार."

फर्डिनंड बाजूला झाला. रॉबर्टने रागाने घण टाकला. बार झाला, आणि पात्याचे दोन तुकडे ओंडक्यांच्या मध्ये वाळूत पडले. तुटलेल्या तोंडावर चिंचोक्याएवढी काळी गुठळी होती. काळूराम पुढे येऊन बघून गेला. रॉबर्ट बघत राहिला. मग तो तिथेच वाळूत बसला.

फ्लोराने विचारलं, "पास्कलचं?"

"ते समुद्रात गेलं, बाय." फर्डिनंडने मूठ उघडली. "पन त्याच मालातला हा."

तिने ७-३ हातात घेतला आणि ठिपक्यावरून अंगठा फिरवला. कितीतरी वेळ फिरवला. मग तो त्याच्या तळव्यावर परत ठेवून तिने त्याची बोटं मिटली.

"तुज्याजवलच ठेव. नि रविवारी चर्चमदी सगल्यांसमोर सांग. तो पिऊन नवता."

फर्डिनंडने मान हलवली. तुकडा खिशात टाकला. तिथेच खडू होता, कामावरचा. डाव्या हाताने, वेड्यावाकड्या अक्षरात, तो गाळ्यातल्या पट्ट्यांवर घालायचा तसे पात्यांवर आकडे घालू लागला. एक. दोन. तीन. चार. पाचव्यापाशी तो अडला, कारण चीर बरोबर मधोमध गेली होती. रॉबर्ट उठला, दोन्ही तुकडे एकमेकांना लावून घट्ट धरले आणि मामाचं लिहून होईपर्यंत हलला नाही.