सकाळी पपनस, रात्री गोळी

मी पपनसाचं झाड बोलतोय. मांजरी गावातल्या एका बंगल्याच्या मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाला लागून उभा आहे. पुण्यात आमची वस्ती तशी विरळच. गणपतीच्या दिवसांत फळवाल्याच्या गाडीवर माझं फळ दिसलं की निम्मे लोक "हे काय, एवढं मोठं लिंबू?" असं विचारतात. उरलेले काही न विचारता घेतात, पाच फळांत एक मोठं फळ हवं म्हणून. आरती झाली की ते फ्रीजवर जातं आणि सुकलं की कचऱ्यात. मला त्याचं वाईट वाटत नाही. माझं दुःख याच्या अगदी उलट आहे. या घरानं मला फार प्रेमानं खाल्लं.

माझा जन्म कोकणातला. या घरचे आप्पासाहेब तरुणपणी चिपळूणकडे एका लग्नाला गेले होते. तिथे जेवणानंतर कुणीतरी सोललेलं पपनस मीठ लावून त्यांच्या पुढे केलं. आप्पासाहेब उसाच्या रानात वाढलेले. आंबट, गोड आणि शेवटी जरासं कडू असं एकाच घासात त्यांनी कधी चाखलं नव्हतं. त्यांनी यजमानांच्या मागे लागून एक रोप मिळवलं. ते रोप म्हणजे मी. डालड्याच्या डब्यात बसून, एसटीतून, त्यांच्या मांडीवरून मी इथे आलो.

दारात सोजरबाई उभ्या होत्या. नव्या लग्नाच्या. डबा बघून म्हणाल्या, "मला वाटलं साडी आणली आसंल."

तरी मला पाणी त्यांनीच घातलं. भांडी विसळलेलं, तांदूळ धुतलेलं, उन्हाळ्यात तर अंघोळीचंसुद्धा. फळ धरायला मी बरीच वर्षं घेतली. येणारे-जाणारे आप्पासाहेबांना चिडवायचे, "आप्पा, तुमचं झाड नुसतंच पोसलंय की!" आप्पासाहेब हसून सोडून द्यायचे. मग एका भाद्रपदात पहिलं फळ आलं. सोजरबाईंनी ते देवापुढे ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मागच्या पायरीवर बसून सोललं. पपनस सोलणं हे घाईच्या माणसाचं काम नव्हे. जाड साल काढायची, मग पांढरा कापूस, मग एकेका पाकळीची कडू कातडी. एवढं केल्यावर गुलाबी गर हाती लागतो. त्या सोलत गेल्या, आप्पासाहेब खात गेले आणि ताटलीत बाईंसाठी काही उरलं नाही. हे पुढे दर वर्षी असंच चाललं.

नंतर ऊस गेला. रानाचे तुकडे पडले, त्यांवर इमारती आल्या, त्यांना इंग्रजी नावं आली. बंगला बांधताना आप्पासाहेबांचा मुलगा इंद्रजीत म्हणाला, "आप्पा, हे झाड काढलं तर इथं दोन गाड्या आरामात बसतील."

"गाड्या रस्त्यावर लाव," आप्पासाहेब म्हणाले. "ह्ये हितंच ऱ्हाईल."

मी राहिलो. तेव्हा मला कोण आनंद झाला होता! आज त्या आनंदाची लाज वाटते.

गेल्या वर्षी पाडव्यानंतर आप्पासाहेबांच्या छातीत दुखायला लागलं. हृदयाला स्टेंट बसवून ते घरी आले ते पिशवीभर गोळ्या घेऊन. त्यांतली एक कोलेस्टेरॉलची, रात्री जेवणानंतर घ्यायची. गोळ्यांचा सगळा कारभार सून ऋतुजा बघायची. ती मगरपट्ट्यात एका कंपनीत कामाला आहे. बोलते भरभर, पण कामाला चोख. मागच्या अंगणात आप्पासाहेबांचा झोपाळा आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी माझ्याच बाजूला उघडते, त्यामुळे या घरातलं बरंचसं मला आपोआप कळतं.

भाद्रपद आला. मी नेहमीसारखा लगडलो. गौरी-गणपती झाले आणि सोजरबाई ताटली घेऊन पायरीवर बसल्या. तेवढ्यात ऋतुजा फोन हातात धरून बाहेर आली.

"आप्पा, एक मिनिट थांबा. या फळाचं तुमच्या रात्रीच्या गोळीशी जमत नाही असं दिसतंय. इथे ग्रेपफ्रूट लिहिलंय, पण खाली पपनसाचंही नाव आहे."

इंद्रजीत गाडी पुसत होता. तो तिथूनच म्हणाला, "अगं, ते फॉरेनचं फळ. मॉलमध्ये मिळतं ते. हे आपल्या घरचं आहे. ना फवारणी, ना केमिकल."

मला ओरडून सांगावंसं वाटलं. अरे बाबा, ते फॉरेनचं फळ माझ्याच वंशातलं आहे! आमच्यात आणि संत्र्यात सोयरीक झाली, त्यातून ते निपजलं. जो गुण त्याच्यात आहे, तो माझ्याकडूनच गेलेला आहे. घरच्या मातीनं आणि शेणखतानं तो जात नाही.

"परसादाचं फळ हाय," सोजरबाई म्हणाल्या. "त्यानं काय हुतंय?"

आप्पासाहेब मात्र हट्टी माणूस नव्हते. सुनेचा शब्द खाली पडू द्यायचा नाही आणि बायकोचंही मन मोडायचं नाही, अशी त्यांची रीत. त्यांनी वर्षानुवर्षं गुडघ्यांसाठी होमिओपॅथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या घेतल्या होत्या. त्यांना एकच नियम माहीत होता. गोळी आणि खाणं यांत अंतर ठेवायचं.

"आसं करू," ते म्हणाले. "पपनस सकाळी, गोळी रात्री. दोघांची गाठच पडू द्यायची न्हाय."

इंद्रजीतला पटलं. सोजरबाईंना पटलं. ऋतुजाही जराशी सैलावली. "बरं, पण डॉक्टरांना एकदा नक्की विचारायचं," एवढं म्हणून ती आत गेली.

गाठ पडू द्यायची नाही म्हणे! माझा रस पोटात गेला की आतड्यातली एक यंत्रणाच बंद पाडतो. ती यंत्रणा दर गोळीतला बराचसा भाग रक्तात जायच्या आधीच मोडून टाकते. डॉक्टरही तेवढी घट धरूनच गोळी लिहून देतात. मी ती बंद पाडली की सगळी गोळी रक्तात उतरते. एका गोळीचं बळ कितीतरी गोळ्यांइतकं होतं. आणि बंद पडलेली यंत्रणा रात्रीपर्यंत सुरू होत नाही, तिला दोन-तीन दिवस लागतात. तोवर या घरात पुढची ताटली आलेली असायची.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी ऋतुजाची नेमकी मीटिंग निघाली. आप्पासाहेब इंद्रजीतबरोबर गेले आणि परत आल्यावर झोपाळ्यावर बसून मोठ्या कौतुकानं सांगू लागले. "डॉक्टर म्हनलं, पथ्य पाळता का? म्या म्हनलं, तेल बंद, तूप बंद, फकस्त फळं खातो. त्ये म्हनलं, लई छान, फळं भरपूर खावा."

कोणतं फळ, ते डॉक्टरांनी विचारलं नाही आणि यांनी सांगितलं नाही. बाहेर पेशंटांची रांग होती. पण घरात आता डॉक्टरांचा हुकूम आला होता. अर्धं पपनस खाणारे आप्पासाहेब रोज अख्खं खाऊ लागले.

नवरात्रात त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या. सोजरबाई तिळाचं तेल कोमट करून चोळायच्या. "वय झालं आता," असं दोघंही एकमेकांना सांगायचे. मग झोपाळ्यावरून उठताना ते साखळी धरायला लागले. सोजरबाईंना वाटलं, अशक्तपणा आलाय, आणखी एक फळ सोलावं. एके दिवशी आप्पासाहेब हळूच म्हणाले, "लघवी कोऱ्या चहावानी हुतीया गं."

"उष्णता झालीया. रस काढून देते," सोजरबाई म्हणाल्या.

रस माझाच. त्यांनी फडक्यातून गाळून, खडीसाखर घालून, पेला त्यांच्या हातात दिला. त्या पेल्याकडे बघण्यावाचून मला काही करता आलं नाही. झाडाला पाय नाहीत हे दुःख सगळे सांगतात. मला त्या दिवशी तोंड हवं होतं.

दिवाळीत ऋतुजाला सुट्टी होती. सासरे झोपाळ्यावरून उठूच शकत नाहीत हे तिनं पाहिलं आणि त्याच पावली दवाखान्यात नेलं. पुढचं मला तिच्याच तोंडून कळलं. मागच्या पायरीवर बसून ती इंद्रजीतला सांगत होती.

"मसल्स विरघळतायत त्यांचे. ते सगळं किडनीत जाऊन बसलंय. डॉक्टरांनी विचारलं, ग्रेपफ्रूट किंवा पपनस खातात का? मी म्हटलं, सकाळी खातात, गोळी रात्री असते. ते म्हणाले, अंतर ठेवून उपयोग नसतो." आणि ती रडायला लागली. "मला माहीत होतं रे. मी पुन्हा विचारलं कसं नाही?"

"शंभर टक्के त्यामुळेच असं म्हणाले का ते?"

"तसं नाही म्हणाले. शुगर होती, वय होतं, गोळीचा डोस मोठा होता. पण..."

"मग झालं तर," इंद्रजीत म्हणाला. त्याला तेवढाच आधार पुरेसा होता. त्याला मी दोष देत नाही. स्वतःच्या अंगणातल्या झाडानं बाप नेला, हे कुणाला मानवेल?

डायलिसिस झालं. सुया झाल्या. पौषात आप्पासाहेब गेले. त्यांना पुढच्या दारानं नेलं, त्यामुळे मला ते शेवटचे दिसलेही नाहीत.

महिना उलटल्यावर इंद्रजीतनं माणूस बोलावला, कुऱ्हाड आणि दोर घेऊन. मी मनात म्हटलं, ये बाबा, उशीरच केलास. पण सोजरबाई येऊन माझ्या खोडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. "ह्यांच्या हातचं येवढंच ऱ्हायलंय. आधी मला तोड."

माणूस मजुरी न घेताच परत गेला. मला आयुष्यात दुसऱ्यांदा वाचवलं गेलं.

यंदा सोजरबाईंचंही कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. ऋतुजा या वेळी स्वतः बरोबर गेली. डॉक्टरांना मागचं सगळं सांगितलं आणि पपनसाशी वैर नसलेली दुसरी गोळी लिहून घेतली. घरी येऊन म्हणाली, "आई, आता बिनधास्त पपनस खा. ही गोळी वेगळी आहे." किती दिवसांनी तिचा आवाज हलका झाला होता.

पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला जे दिसतं, ते तिला दिसत नाही. इंद्रजीतनं वडिलांसाठी सवलतीत गोळ्यांची पाकिटंच्या पाकिटं आणून ठेवली होती. ती फडताळात तशीच होती. सोजरबाईंनी आयुष्यात अन्नाचा कण वाया घालवला नाही, औषध कसं घालवतील? नवीन गोळ्या त्यांनी मागे सारल्या. म्हणाल्या, स्वतःशीच, "कोलेस्टेरॉलचीच हाय की ही बी. ह्यांच्या संपू देत, मग त्या काढू." रोज रात्री त्या नवऱ्याची गोळी घेतात. आणि भाद्रपदापासून रोज सकाळी एक पपनस सोलून फोटोपुढे ठेवतात. फोटोपुढचं टाकायचं नसतं, म्हणून नंतर स्वतः खातात. ज्या बाईला ताटलीत कधी फोड उरली नाही, तिच्या वाट्याला आता अख्खं फळ येतं.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर माझं एवढं ऐका. सगळ्याच गोळ्यांशी माझं भांडण नाही आणि संत्र्या-मोसंब्यांना उगाच घाबरू नका. पण रोजची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानात माझं नाव घेऊन विचारा, नुसतं "फळं" म्हणू नका. मनानं गोळी बंद करू नका, मनानं अंतर काढू नका आणि गेलेल्या माणसाची औषधं पुरवून खाऊ नका. हे मी सांगतोय खरं, पण झाडाचं ऐकण्याची पद्धत माणसांत नाही. मला आता कसलीच आशा उरलेली नाही.

आज आप्पासाहेबांचं वर्षश्राद्ध झालं. पाहुणे गेले. दुपारी सोजरबाई धुण्याच्या दगडापाशी बसल्या होत्या. उठताना त्यांना उठवेना. त्यांनी माझ्या खोडाला धरलं आणि पोटरी चोळत उभ्या राहिल्या.

"पाय लई भरून आल्यात गं."

ऋतुजा भांडी टाकून धावत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, गोळी नीट घेताय ना?"

"येक दिवस बी चुकवली न्हाय."

ऋतुजानं सुटकेचा श्वास सोडला. "मग दगदग झाली असेल. सकाळपासून उभ्याच आहात. बसा तुम्ही, मी काहीतरी देते खायला."

तिनं सासूला झोपाळ्यावर बसवलं, पदरानं त्यांचं कपाळ पुसलं आणि माझ्याकडे वळली. वरची फांदी खाली ओढून तिनं त्यातल्या त्यात पिकलेलं फळ निवडलं. देठ मी होता-नव्हता तेवढा जोर लावून धरून ठेवला. तिनं तो दोनदा पिळला आणि फळ तोडून घेतलं.