उरलेल्या गोळ्यांचा डबा

मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. जन्मलो बिस्किटांसाठी, पण ती दोन दिवसांत फस्त झाली. मग आत्याने मला धुऊन-पुसून फडताळात बसवलं आणि मी घरचा दवाखाना झालो!

मित्रांनो, आत्याला काही टाकवत नसे. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि ताप दोन दिवसांत उतरला, की उरलेल्या माझ्या पोटात. "असू दे, अडीअडचणीला!" शेजारीणही हक्काने मागायला यायची आणि माझं कौतुक करायची. मी आपला फुगायचो, शहाणा कुठला!

परसात आत्याच्या कोंबड्या होत्या. एखादी मलूल दिसली की आत्या माझ्यातल्या दोन गोळ्या कुटून सगळ्यांच्याच पाण्यात टाकायची. "माणसाला चालतं ते कोंबडीला का नाही?"

आत्याची भाची बिट्टी आमच्याकडेच वाढत होती. घरभर नाचणारी, गुणाची पोर. तिला अंडं अर्धकच्चं लागे. "आत्या, पिवळं वाहतं ठेव हं!"

एके दिवशी बिट्टीला जुलाब लागले, तापही चढला. आत्याने मला उघडलं. एक गोळी झाली, दुसरी झाली, उतार काही पडेना. तिसऱ्या दिवशी पोरीने उशीवरून मान उचलली नाही. आत्याने तिला कडेवर घेतलं, मला पिशवीत टाकलं आणि इस्पितळ गाठलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी तपासण्या केल्या, मला टेबलावर पालथं केलं आणि सगळं विचारून घेतलं.

"कच्च्या अंड्यातूनच आले असावेत हे जंतू," त्या म्हणाल्या. "जंतू मारायचं औषध असं अर्धवट दिलं की नाजूक जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात. माणसातही आणि कोंबडीतही. हे आता रक्तात पोचलेत आणि तुमच्या गोळ्यांना दाद देत नाहीत. दुसरं औषध शिरेतून देऊन बघू."

"माझ्याच हाताने केलं हो मी!" आत्या ढसाढसा रडली. मित्रांनो, मलाही माझी लाज वाटली.

ते औषध सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी ताप उतरला. बिट्टी पुटपुटली, "आत्या, भूक लागली." आत्याने तिचे इतके पापे घेतले की नर्सला ओरडावं लागलं.

उरलेल्या गोळ्या आत्याने इस्पितळातच देऊन टाकल्या. आता अंडी घट्ट उकडतात आणि कोंबडी आजारी पडली की जनावरांचे डॉक्टर येतात. तुम्हीही डॉक्टरांनी सांगितलं तेवढंच, पण पूर्ण औषध घ्या बाळांनो, आणि उरवून माझ्यासारख्याच्या पोटात ठेवू नका.

परवा शेजारीण कण्हत आली. "ताप आहे गं, एखादी गोळी दे ना."

आत्याने पायांत चपला सरकवल्या. "गोळी नाही देणार. चल, दवाखान्यात मी येते सोबत."