उशीसाठी तोडलेलं हिरवं बोंड

मी एक जुनी रुई आहे, मित्रांनो, आणि अजून पुरती सावरलेली नाही. झुडपालाही धक्का बसतो, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. मलाही वाटलं नसतं.

मी वाळूत उगवले. इथे पाऊस येतो तो घाईतल्या पाहुण्यासारखा, दारातूनच परत फिरणारा. म्हणून मी मुळं खोल सोडली. पानं जाड केली आणि त्यांना पांढरट भुकटी फासली, उन्हाने भाजायला नको म्हणून. बोट फिरवलंत तर ती तुमच्याही बोटाला लागेल. माझ्या पानांना देठ जवळजवळ नसतोच. दोन-दोन पानं समोरासमोर, फांदीला बिलगून बसतात. फुलं जांभळट पांढरी, मेणाची केल्यासारखी, मधोमध छोटासा मुकुट. आणि अंगभर चीक. पान तुटलं की दुधासारखा ठिबकतो. शेळ्या मला पाहून तोंड फिरवतात. त्या चिकाचा मला केवढा तोरा होता!

माझ्या शेजारी दोर वळणाऱ्याचं घर आहे. तो माझ्या फांद्या कापून सावलीत पसरतो, चीक पुरता वाळू देतो, मग साल सोलून धागे काढतो. त्याची बायको ते धागे मांडीवर वळते. म्हाताऱ्या आईचे गुडघे सुजले की तो माझं पान तेल लावून गरम करतो आणि बांधतो. “ही रुई नसती तर मी कधीच अंथरूण धरलं असतं,” असं त्या येईल त्याला सांगायच्या. मी ऐकायचे आणि फुलायचे.

मग त्या घरात बाळ आलं. बाळाच्या आईला त्याच्यासाठी मऊ उशी करायची होती. माझं बोंड उकललं की रेशमी झुपका लावून एकेक बी उडत जातं. पोरं त्याला म्हातारी म्हणतात. पण वारा सगळं पळवतो, म्हणून तिने ठरवलं, उकलायच्या आतच बोंडं तोडायची.

“काय करतेस गं?” सासूबाईंनी उंबऱ्यातून विचारलं.

“बाळाच्या उशीला म्हाताऱ्या गोळा करतेय.”

“का, घरातली एक पुरत नाही वाटतं?”

सून हसली, आणि हसता हसताच तिने बोंड पिळून मोडलं.

ते हिरवं होतं. तिच्या हातांनी मला नेहमी वाळलेलीच हाताळलं होतं, ओली रुई त्यांना ठाऊकच नव्हती. चीक उडाला, बोटांवरून ओघळला. तेवढ्यात आत बाळ रडलं. तिने त्याच हातांनी डोळ्यांवरचा घाम पुसला आणि धावली.

मला ओरडायचं होतं. झुडपाला तोंड नसतं.

भयंकर गोष्ट अशी, की फारसं दुखलं नाही. जरा चुरचुरलं, एवढंच. दुखलं असतं तर तिने लगेच डोळे धुतले असते. दुपार कलली तेव्हा ती बाळाला घेऊन अंगणात आली. त्याला अगदी चेहऱ्याजवळ धरलं होतं.

“अहो, बाळाचं तोंड असं पुसट का दिसतंय?”

“ऊन लागलं असेल तुला.”

“याचे डोळे कुठे आहेत? मला दिसत नाहीयेत.”

दोर वळणाऱ्याच्या हातातला पीळ सुटला.

तो तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. परत आली ती डोळ्यांवर पट्ट्या बांधून. “बुबुळं सुजलीत म्हणाल्या,” तो आईला सांगत होता. “आधीच पाण्याने धुवायला हवे होते. दृष्टी येईल बहुतेक, पण शब्द देत नाही म्हणाल्या.”

“त्या रुईला आधी उपटून टाक,” सासूबाई म्हणाल्या. गुडघे सुजले होते, तरी त्यांनी माझं पान बांधून घेतलं नाही.

“तिचे डोळे उघडू देत. मग बघतो हिच्याकडे.”

मी सुन्न उभी होते. खरं सांगते, कोयत्याच्या भीतीने नव्हे. खिडकीतून तिचा आवाज यायचा. ती बाळाचा चेहरा चाचपत असायची. “हे नाक. हा कान. हसतोय का हो हा? कोणीतरी सांगा ना मला, हसतोय का?” ज्याने मी शेळ्यांना लांब ठेवलं, त्याच चिकाने मी एका आईपासून तिचं बाळ लांब केलं होतं.

एका सकाळी पट्ट्या निघाल्या. ती सावकाश माझ्याजवळ आली. मागे कोयता घेऊन तो, आणि भिंतीला धरत सासूबाई. ती वाकून माझ्या पानाखाली डोकावली आणि वाकलेलीच राहिली.

“अहो, पानाच्या खालच्या बाजूला बघा. फुलपाखराचं अंडं आहे.”

“कुठे? मला तर काही दिसत नाही.”

“हे काय, शिरेच्या कडेला. टाचणीच्या टोकाएवढं.”

तो बघत राहिला, अंड्याकडे नव्हे, तिच्याकडे. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. त्याने कोयता जमिनीवर ठेवून दिला.

मित्रांनो, मला जपा असं कोणत्या तोंडाने सांगू? एवढंच सांगते, वाळलेली रुई वेगळी आणि ओली रुई वेगळी. माझा चीक लागला तर आधी हात धुवा, डोळ्यात गेला तर दुखायची वाट न पाहता भरपूर पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. आत बाळ रडत असेल, तर थोडं रडू द्या. त्याला पाहू शकणारी आई त्याला जास्त हवी आहे.