रिकामा पत्ता

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, आवाज जाणार. मग तो आधीच साठवायचं ठरलं. बाबा दादाकडे राहायचे, म्हणून रेकॉर्डिंग दादाच्या जुन्या मॅक कॉम्प्युटरवर झालं. त्या फायली जोडून बोलणाऱ्या यंत्रात भरायचं काम धाकट्या बहिणीकडे आलं. ती सर्व्हर सांभाळते, त्यामुळे घरातली यंत्रांची सगळी कामं तिच्याकडे येतात, कौतुक सोडून.

तिने स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीने द्यायच्या आज्ञा, लिहिली: फायली जोडायच्या, तात्पुरत्या फोल्डरचा पत्ता शोधायचा, तिथे जाऊन उरलेले तुकडे पुसायचे. तिच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर नमुन्याच्या फायली घेऊन सगळं चोख चाललं. पण मॅकवर तीच आज्ञा वेगळी वागू शकते, हे तिला चांगलं ठाऊक होतं. तपासायला तिने दादाचं मशीन मागितलं. तो म्हणाला, त्यात ऑफिसचं काम आहे, आणि कॉम्प्युटर तो कॉम्प्युटर, तुझ्याकडे चालतं ते माझ्याकडे का नाही चालणार? दादा वेबसाइटी सजवतो. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस. घाई मात्र त्यालाच होती, म्हणून तिने सुरुवातीला दोन ओळी घालून स्क्रिप्ट पाठवली: मशीन मॅक असेल तर पुढे जाऊ नकोस, थांब.

ऑपरेशन झालं, बाबा घरी आले आणि दादाला हुरूप आला. त्याने स्क्रिप्ट चालवली. ती थांबली, लाल अक्षरं आली. त्याने त्या दोन ओळीच काढून टाकल्या.

पत्ता शोधायची आज्ञा त्याच्या मॅकला कळली नाही. पत्ता रिकामा आला. रिकाम्या पत्त्यावर जा म्हटलं की मशीन आहे तिथेच उभं राहतं. ते उभं होतं मूळ रेकॉर्डिंगच्या फोल्डरमध्ये; नुकतीच जोडलेली फाईलही तिथेच होती. पुढची आज्ञा पुसायची होती, ती मात्र त्याला नीट कळली. असं पुसलेलं कचरापेटीतही जात नाही.

धाकटी धावत आली. दादा म्हणाला, "स्क्रिप्ट तुझीच होती ना?"

"दोन ओळी होत्या वर. त्या कुठायत?"

"सारख्या अडवत होत्या."

चोराच्या उलट्या बोंबा. वहिनी मध्ये पडली, ह्यांना आता काही बोलू नकोस, हे आधीच खचलेत म्हणाली. धाकटीचं काळीज जळत होतं, पण तिच्या खचण्याची घरात नोंद नव्हती. मशीन मात्र आता मुकाट्याने तिच्यापुढे आलं. फायली परत मिळवायचे सगळे उपाय तिने करून पाहिले. मिळालं काहीच नाही. मग निव्वळ रागाने तिने पत्ता शोधायची ओळ दोन्हीकडे चालेल अशी लिहिली, पत्ता रिकामा आला तर थांबायचं बजावलं आणि स्क्रिप्ट चालवली. मॅकने तिच्या लिनक्ससारखंच निमूट उत्तर दिलं: जोडायला फायली नाहीत.

मागून दादा म्हणाला, "बघ, आता चालली की."

आतल्या खोलीत बाबांनी पेल्यावर चमचा वाजवला. दोघांपैकी कोणाला बोलावत होते, कळायला मार्ग नव्हता.