एकतिसाव्या प्रश्नावलीची कैफियत

मी एक प्रश्नावली बोलतेय. क्रमांक एकतीस. माझा जन्म एका अध्यापक महाविद्यालयाच्या झेरॉक्स मशीनवर झाला. परकी भाषा शिकवताना गोष्टी-कविता वापराव्यात का, याबद्दल होऊ घातलेल्या शिक्षकांना काय वाटतं, हे शोधायचं काम माझ्याकडे होतं. माझ्या अंगावर वीस विधानं आणि प्रत्येकापुढे 'सहमत', 'असहमत' असे दोन चौकोन. प्राध्यापक बाईंचा या विषयावर प्रबंध चालू होता.

मधल्या सुट्टीला दहा मिनिटं उरली असताना बाईंनी आम्हाला वर्गात वाटलं. पहिल्या बाकावरच्या मॉनिटरने वीसही ठिकाणी 'सहमत' केलं, मागच्यांनी त्याच्या खांद्यावरून पाहिलं आणि सगळे डबे खायला गेले. साहित्यावर माणसांचं इतकं एकमत असतं, हे मला ठाऊक नव्हतं.

मी आले काकूंच्या वाट्याला. दोन मुलं मोठी करून त्या शिक्षिका व्हायला आल्या होत्या, म्हणून अख्खा वर्ग त्यांना काकू म्हणे. काकूंनी प्रत्येक विधान वाचलं, इथेच चुकलं. वीसही ठिकाणी 'असहमत' करून त्यांनी खाली लिहिलं, 'या भाषेतलं एकही पुस्तक मी शेवटपर्यंत वाचलेलं नाही. मुलांपुढे कोणत्या तोंडाने जाऊ?'

नाव लिहायचं नव्हतं, पण बाईंनी अक्षर ओळखलं.

"काकू, पुढच्या महिन्यात तुमचा अंतिम पाठ आहे आणि परीक्षक मीच आहे. धमकी देत नाहीये. घरी नेऊन शांतपणे पुन्हा भरा."

"शांतपणेच भरलीय, बाई."

"तरी न्या."

पाठात नापास म्हणजे वर्ष परत, आणि काकूंना घरून एकाच वर्षाची मुभा होती. त्यांनी मला पिशवीत टाकलं आणि वाचनालयातून बाईंच्या शिफारस यादीतलं पहिलं पुस्तक काढलं. यादी अकरा वर्षं जुनी. पुस्तकावर तारखेचा एकही शिक्का नव्हता. त्यात एका पोस्टमनची लांबलचक गोष्ट होती. तो एक पत्र पोचवायचं सोडून घरी घेऊन जातो. काकू स्वयंपाक आटोपला की ओट्याशी उभ्या राहून शब्दकोशासह दीड पान वाचत आणि खूण म्हणून मला तिथे ठेवत.

पाठाच्या दिवशी सातवीचा वर्ग होता. इतरांनी तक्ते आणले होते, काकूंनी पुस्तक आणलं. बाई निरीक्षणवही घेऊन शेवटच्या बाकावर बसल्या. काकू हातवारे करून समजावत वाचत गेल्या आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"पुढे काय झालं?" एका मुलीने विचारलं.

अशा वेळी शिक्षक थाप मारतात. पाठाच्या टाचणात 'माहीत नाही' असा रकाना नसतो.

"मला माहीत नाही गं," काकू म्हणाल्या. "मी इथवरच पोचलेय."

मग एक मुलगा मोडक्यातोडक्या परक्या भाषेत म्हणाला, पत्र त्याने वाचलं असणार. त्या मुलीने त्याला त्याच भाषेत खोडून काढलं, चारच शब्दांत आणि तेही उलटसुलट. वर्षभर त्या भाषेत स्वतःच्या नावापुढे न गेलेली मुलं तास संपला तरी भांडत होती. कागदाने सांगू नये, पण मला भरून आलं.

मुलं गेल्यावर बाईंनी शेरा लिहिला, 'पाठ अपूर्ण. उद्दिष्ट गाठले नाही.' काकूंचा चेहरा उतरला. बाई पेन उघडंच धरून बसल्या होत्या.

"देतो का हो तो पत्र शेवटी?"

"बाई, यादी तुमचीच आहे ना?"

"यादी केलीय," बाई म्हणाल्या. "वाचलेलं नाही."

मग त्यांनी शेऱ्याखाली 'उत्तीर्ण' लिहिलं आणि पुस्तक मागून घेतलं.

आता पुस्तक तीन दिवस बाईंकडे असतं, चार दिवस काकूंकडे. काकू एकसष्टाव्या पानावर आहेत, बाई पंचविसाव्या. दोघी मला आपापल्या पानात खुपसतात आणि मग दुसरी आपलं पान शोधत बसते. एका वेळी दोन पानांत बसणं मला जमत नाही. तेव्हा वाचकहो, एवढं करा. बाईंच्या कपाटात चाळीस प्रश्नावल्या पडून आहेत, सगळ्या सहमत. त्यातली एक त्यांना काढून द्या. तिलाही एखादं पुस्तक आतून पाहू दे.