हिंदुराव मॉलमधली गर्दी

“पोटच्या पोरानं आईला सांगावं, तू येऊ नकोस, पुरणाकडं बघ! मी काय आचारी हाय ह्याची?”

लुगड्याचा काष्टा खोचता खोचता आनंदीबाई बोलत होत्या. पूर्णिमा यंत्रातून पुरण काढत होती. सासू रागात असली की मान वर करायची नाही, हे ती लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात शिकली होती.

“पाहुणे मॉल बघून इकडंच येणार आहेत ना, आई, जेवायला.”

“मॉल कुणाच्या नावाचा हाय? माझ्या मालकाच्या. आन् मीच तिथं नको?”

खरं कारण त्यांनी सुनेलाही सांगितलं नव्हतं. पंधरा दिवसांपूर्वी नातवासाठी, तेजससाठी, मुलगी बघायला सगळे विश्रांतवाडीला गेले होते. मुलीच्या वडिलांनी, सर्जेरावांनी, सहज विचारलं, मॉल कसा चाललाय. तेजसचा बाप विक्रम चहाचा कप खाली ठेवेपर्यंत आनंदीबाई बोलून गेल्या होत्या, “पाय ठिवायला जागा नसती बघा.” आणि परवा सर्जेरावांचा फोन आला, रविवारी घर बघायला येतो, जाता जाता मॉलही बघू.

धायरीत घरच्या वांग्याच्या वावरात मॉल उभा राहिला त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्या दिवाळीला सरकत्या जिन्यावर चढायला रांग लागली होती. पोलीस बोलवावे लागले होते, आणि ते आनंदीबाई चार वर्षं सांगत होत्या. मग रस्त्यापलीकडं याहून मोठा मॉल झाला, लोक फोनवरच कपडे मागवायला लागले, आणि एकेक शटर खाली आलं. आता तिथं कपडे आल्टर करणारा एक शिंपी, एक फोटोवाला आणि पोरांचा गणिताचा क्लास एवढंच होतं. जिना दोन वर्षं बंद होता.

आपलं खोटं उघडं पडायचं तेव्हा पोरगा तिथं एकटा नसावा, एवढंच त्यांच्या मनात होतं.

रिक्षासाठी त्या गल्लीत उतरल्या. रविवार असून सगळ्या भावकीच्या दारांना कुलपं. कुणाच्या लग्नाला गेली म्हणावं तर बोलावणं आपल्याला कसं नाही, हा राग त्यांना मॉलच्या दारापर्यंत पुरला.

आत पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. सगळे दिवे लागले होते. जिना सरकत होता. तिन्ही मजल्यांवर माणसं होती, हातात रंगीत पिशव्या होत्या. क्षणभर त्यांना वाटलं, आपलं बोलणं देवानं खरं केलं.

मग बंद शटरकडं टक लावून उभी असलेली बाई त्यांना ओळखू आली. सत्यशीला. धाकट्या दिराची सून.

समोरून विक्रम पाहुण्यांना घेऊन येत होता. सर्जेराव, त्यांची बायको, मुलगी उत्कर्षा. तेजस मागं, फरशीकडं बघत. आईला पाहून विक्रमच्या तोंडचं पाणी पळालं.

सत्यशीलेनंही त्यांना पाहिलं. सवयीनं तिचा हात पदराकडं गेला, पिशवी खाली ठेवून ती वाकली आणि आनंदीबाईंच्या पाया पडली.

“ओळखीच्या वाटतं?” सर्जेरावांनी विचारलं.

विक्रम आईकडं बघत होता. लहानपणी मार चुकवायला बघायचा, तसा.

“असंल कोणतरी गावातली,” आनंदीबाई म्हणाल्या. “पडत्यात माणसं पाया.”

गेल्या साली त्यांचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तीन महिने ह्याच पोरीनं त्यांना अंघोळ घातली होती. सत्यशीला सरळ झाली.

“व्हय, गावातलीच,” ती म्हणाली आणि पिशवी उचलून जिन्याकडं निघाली. चालताना पिशवी कागदासारखी फडफडत होती. उत्कर्षानं पिशवीकडं पाहिलं, मग तेजसकडं.

तेवढ्यात जिन्यावरून ज्ञानदेव खाली आले. सत्तरीचे दीर, नवी टोपी, बगलेत मिक्सरचं खोकं, दुसऱ्या हातानं कठडा घट्ट धरलेला. उतरताना धडपडले, सावरले आणि समोर वहिनी दिसताच त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. “वहिनी, येतो” म्हटल्याशिवाय हा माणूस पन्नास वर्षांत रानात गेला नव्हता.

“भावजी.”

ते थांबले नाहीत.

“ज्ञानदेव भावजी!”

तिन्ही मजल्यांवरची माणसं तिकडं बघायला लागली. ज्ञानदेव वळले, पण त्यांनी आधी विक्रमकडं पाहिलं. बोलू का, असं विचारल्यासारखं.

आनंदीबाईंना ते बघवलं नाही. त्या सर्जेरावांकडं वळल्या.

“हे माझे धाकटे दीर, पाव्हणं. मघाची ती सत्यशीला, ह्यांची सून. वर राकेश हाय, आमचा भाचा. त्याच्या शेजारची चुलत पुतण्याची बायको. सगळी आमचीच हायत. गिऱ्हाईक एकबी न्हाई. तुमच्या घरात बसून मी खोटं बोलले.”

सर्जेरावांनी पुढं होऊन ज्ञानदेवांच्या बगलेतलं खोकं काढून घेतलं. ते रिकामं होतं. तरी त्यांनी ते दोन्ही हातांनी, जपून, बाकावर ठेवलं.

“बसा काका. दमला असाल.”

विक्रम आईच्या जवळ आला. आवाज अगदी खाली होता.

“तुझंच झाकायला केलं ना मी हे, आई? नाहीतर मला काय हौस होती?”

“व्हय, माझंच.” आनंदीबाई जिन्याकडं बघत होत्या. सत्यशीला वरच्या मजल्यावर पाठ करून उभी होती. “तू त्यास्नी सांगितलंस, ओळख दाखवू नका. आन् मी तर ती खरंच दाखवली न्हाई.”

त्यांनी पदर सावरला आणि जिन्याकडं पाऊल टाकलं. आयुष्यात कधी त्या त्याच्यावर चढल्या नव्हत्या. विक्रमनं हात पुढं केला. तो त्यांनी धरला नाही.

“माझ्यावरच गेलायस तू.”